साउथ इंडियन जेवायला दुबई, सिंगापूर की न्यू जर्सी?

आमच्या भिशीत यंदा पैशांपेक्षा पासपोर्टचीच चर्चा जास्त झाली. अकरा जणी, सगळ्या लातूरच्या, आणि दिवाळीनंतर परदेशी जायचंच म्हणून हटून बसलेल्या. काही दुबई म्हणतात, काही सिंगापूर. एकीची लेक न्यू जर्सीत बाळंत व्हायची आहे, म्हणून त्या आईला सहा महिने तिकडेच काढायचेत. बुर्ज खलिफावर कुणी दोन मिनिटांच्या वर बोललं नाही. "तिकडं खायचं काय, माय?" यावर मात्र तासभर गेला. टूरवाल्यांच्या बुफेत तिसऱ्या दिवशी पनीर नुसतं बघूनच पोट भरतं. मग सगळ्यांचं उत्तर एकच, साउथ इंडियन हॉटेल गाठायचं. मी तिन्हीकडे जेवून आलेय, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

आधी एक सांगते. उडपी हॉटेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोसा येतो. दुबईत पहिल्याच दिवशी मीही मसाला डोसा मागवला. चांगला होता, पण तसा तर आमच्या लातुरातल्या गंजगोलाई बाजाराच्या आसपासही मिळतो. घर सोडून चार दिवस झाले की जीव मागतो तो वरण-भात, आणि हा वरण-भात साउथ हॉटेलात 'मील्स' या नावाखाली असतो. भात, सांबार, रसम, दोन-तीन भाज्या, पापड, दही किंवा ताक. कार्डावर डोसे-उत्तप्प्यांचं पान संपलं की खाली कोपऱ्यात कुठेतरी लिहिलेलं असतं, नजर जात नाही. बऱ्याच ठिकाणी ते फक्त दुपारचं असतं; तीननंतर गेलात तर पुन्हा डोसाच. म्हणून मी तिन्ही गावं तोलणार ती मील्सवर. डोसा तिन्हीकडे बरा मिळतो, त्यासाठी कुणाचा सल्ला घ्यायची गरज नाही.

मील्समध्ये सिंगापूर पहिलं. तिथे तमिळ ही चार राजभाषांपैकी एक आहे, मेट्रोतल्या पाट्यांवरसुद्धा दिसते. लिटल इंडियातल्या सेरंगून रोडवर उतरलं की मोगऱ्याचे गजरे, नारळ, कापूर, आणि ओळीने खानावळी. आनंद भवन १९२४ पासूनचं, कोमला विलास १९४७ चं. बेंगळुरूचं एमटीआरही तिथे आहे, आणि त्याचं मूळ हॉटेलही १९२४ चंच. म्हणजे हे जेवण तुमच्या-आमच्या टूरसाठी मांडलेलं नाही, तिथल्या माणसांचं रोजचं आहे. आम्ही गेलो त्या हॉटेलात शेजारच्या टेबलावर ऑफिसची पोरं शर्टाच्या बाह्या सारून हातानेच जेवत होती. समोर केळीचं पान आलं. वाढप्याच्या हातात एका दांड्याला जोडलेल्या चार स्टीलच्या बादल्या, आपल्या पंगतीत असतात तशाच. त्याने भाताच्या ढिगात मधोमध पळीने आळं केलं आणि सांबार ओतलं. माझं माहेर डाळमिलवाल्यांचं, त्यामुळे मी आधी बोटाने डाळ दाबून बघते. तूरच होती, घोटून एकजीव झालेली. वर कढीपत्ता, शेवग्याची शेंग, आणि चिंच नेमकी. आपल्या येसर (मराठवाड्यातला भाजका मसाला) घातलेल्या आमटीइतकं जाळ नाही, पण गुळचटही नाही. दुसऱ्या वाढपात रसम मागितलं, तिसऱ्यात दहीभात. ह्यांनी तर पान अंगाकडे दुमडलं. जेवण आवडलं की पान आपल्याकडे दुमडायचं, असं लेकाने शिकवून ठेवलं होतं.

सगळं गोड मानायचं कारण नाही. पाटीवर 'बनाना लीफ' दिसलं की शाकाहारी, असा हिशोब सिंगापुरात चालत नाही. अशी बरीच हॉटेलं माशाच्या डोक्याच्या करीसाठी नावाजलेली आहेत, आणि ही करी सिंगापुरातच जन्मलेली. पानावर कोबीची भाजी आणि शेजारच्या टेबलावर परातीएवढ्या भांड्यातून डोळे वटारून बघणारं मुंडकं, असा प्रसंग येऊ शकतो. आत शिरतानाच 'प्युअर व्हेज' विचारा. दुसरी गोष्ट दराची. किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असली तर त्यावर १० टक्के सेवा आकार आणि मग ९ टक्के जीएसटी चढतो. म्हणजे १० डॉलरचं जेवण ११ डॉलर ९९ सेंटला पडतं. पण त्यानंतर टिप द्यायची पद्धत नाही, हा मोठाच दिलासा. पाण्याचेही पैसे लागतात बऱ्याच ठिकाणी. टेक्का सेंटरसारख्या बाजारात स्टॉलवर जेवलात तर सेवा आकार नाही आणि दरही उतरतो, पण व्हेज-नॉनव्हेज खेटून असतं. तिथे रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ते कुणी विसरलेलं नसतं, ती जागा धरलेली असते! माझ्या जाऊबाईंनी ते पाकीट उचलून तोंड पुसलं. मालक आला तोवर अर्धं संपलं होतं.

अशाच एका स्टॉलवर सांबार घेतलं तर त्यात तुरीऐवजी मसूर. लातूरच्या बाईला मसूर ओळखता येणार नाही असं त्यांना वाटलं असेल.

दुबईचा हिशोब वेगळा. तिथे साउथ हॉटेलं मायंदाळ, करामा आणि मीना बाजारात तर पावला-पावलावर. चेन्नईच्या सरवणा भवनने देशाबाहेरची पहिली शाखा दुबईतच काढली, २००० साली. गिऱ्हाईक बहुतेक कामावरची माणसं, त्यामुळे ताट पटकन येतं आणि स्वस्तही पडतं. कार्डावरच्या दरात ५ टक्के व्हॅट धरलेला असतो, साध्या हॉटेलात वर काही चढत नाही. अकरा जणींची बिलं फोडायची असतील तर हा मुद्दा लहान नाही.

पण दुबईत 'साउथ' म्हणजे दोन वेगळी स्वयंपाकघरं, आणि टूरवाला हे सांगत नाही. एक तमिळ-उडपी शाकाहारी, दुसरं केरळचं. केरळी हॉटेलं कितीतरी जास्त. त्यांचं जेवण वाईट मुळीच नाही. खोबरं घातलेलं मिश्र भाज्यांचं अवियल तर मी घरी येऊन करून बघितलं. पण भात जाड, लालसर, आपल्याला अर्धा कच्चा वाटावा असा, आणि फोडणीला खोबरेल. करडई-शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेल्या नाकाला पहिला घास जड जातो. शिवाय तिथे बीफही शिजतं. आमच्या तेव्हाच्या गटातल्या सहा जणी एका अशाच हॉटेलात डोसा खाऊन उठल्या. बाहेर पडताना एकीचं तव्याकडे लक्ष गेलं. डोशाच्या शेजारीच बीफ फ्राय परतणं चाललं होतं, उलथनं एकच. ती दोन दिवस सफरचंदांवर राहिली. चूक हॉटेलाची नव्हती. त्यांच्या पाटीवर शाकाहारी असं कुठे लिहिलंच नव्हतं, आम्ही नुसतं 'इडली-डोसा' वाचून आत शिरलो.

अजून एक. उडपी पद्धतीच्या सांबारात गूळ असतो. ज्यांना घरी आमटीत गुळाचा खडा लागतो त्यांनी खुशाल जावं. माझ्यासारखीने तमिळ हॉटेल शोधावं, किंवा पर्समध्ये शेंगदाण्याची चटणी ठेवावी. मी दोन्ही केलं.

आता न्यू जर्सी. एडिसन-आयझलिनचा ओक ट्री रोड म्हणजे तिकडचं आपलं मार्केट. साड्या, सोनं, मिठाई, आणि साउथ हॉटेलं हवी तितकी. पण तिथवर पोचायला जावयाची गाडी लागते आणि जावयाला सुट्टी लागते. म्हणजे शनिवार-रविवार, आणि त्या दिवशी सगळी जर्सी तिथेच. आम्ही दारात नाव लिहून पाऊण तास उभे होतो, बाळ कडेवर. पैशाचं सांगायचं तर १५ डॉलरचा डोसा धरा. त्यावर ६.६२५ टक्के कर, म्हणजे ९९ सेंट. वर १८ टक्के टिप, म्हणजे २ डॉलर ७०. झाले १८ डॉलर ६९ सेंट. टिप ऐच्छिक म्हणतात, पण तिथल्या केंद्रीय कायद्यात टिपवर जगणाऱ्याचं किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, १९९१ पासून तेवढंच. हे जावयाने सांगितल्यावर ह्यांनी काढलेला एक डॉलर गुपचूप परत खिशात गेला आणि त्याच्या जागी पाच आले. मील्सचं म्हणाल तर आम्हाला थाळी मिळाली, लहान वाट्यांतली, एकदाच वाढलेली. सिंगापूरच्या बादल्यांची सर नाही.

तरीही एका वाटीपायी मी न्यू जर्सी खाली ढकलू शकत नाही. तिकडे तेलुगू मंडळींची हॉटेलं बरीच, आणि त्यांच्या कार्डावर 'गोंगुरा' असतं. मी काहीतरी मासळीचा प्रकार समजून दोनदा टाळलं. तिसऱ्या वेळी लेकीने मागवलंच. वाटीत काळपट हिरवा गोळा, वर तेलाचा तवंग, लसणाच्या लाल झालेल्या पाकळ्या. चाखला तर अंबाडी! आपली आंबट ढॅण अंबाडीची भाजी, चटणी होऊन आलेली. लातूर सोडून चौथा महिना होता. वाढणारा मुलगा निजामाबादचा निघाला. आम्ही नांदेडच्या शेजारचे म्हटल्यावर हसला आणि दुसरी वाटी न मागता ठेवून गेला. भाकरी मात्र नव्हती, ती अंबाडी मी भाताशी आणि थोडी इडलीशी खाल्ली. इडलीशी नाही जमत.

तेव्हा ठरवायचं असेल तर असं ठरवा. चार-पाच दिवसांची सहल, मोठा गट आणि हात आखडता असेल तर दुबई; फक्त पाटीवर शाकाहारी शब्द बघितल्याशिवाय उंबरा ओलांडू नका. खाण्यासाठी म्हणून जायचं असेल, आणि दुपारी एकच्या सुमारास लिटल इंडियात पोचता येत असेल, तर सिंगापूरला जरा जास्त पैसे गेले तरी जाऊ द्या. लेकीच्या बाळंतपणाला निघालेलीने हॉटेलांचा विचारच सोडावा. तूरडाळ आणि कढीपत्ता तिकडच्या इंडियन स्टोअरमध्ये मिळतो, येसर घरून न्यावा, आणि महिन्यातून एकदा गोंगुऱ्यासाठी जावयाला गाडी काढायला लावावी.

आमच्या भिशीत काल पुन्हा हात वर करून झाले. दुबईला पाच, सिंगापूरला पाच. अकरावी अजून विचारतेय, सिंगापुरात सकाळी नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला कुठे मिळेल.