स्कूबाची सहल, दोन लहान मुलं आणि आजी-आजोबा: सहा महिन्यांनंतर, मुख्यतः शिडीबद्दल

स्कूबाच्या सहलीत मासे किती दिसले, पाणी किती नितळ होतं, व्हिडिओ कसा आला हे बाकीच्यांनी लिहिलंय आणि ते खरंच आहे. मी शिडीबद्दल लिहिणार आहे. होडीच्या कडेला हुकाने अडकवतात ती लोखंडी शिडी. घरातली लहान मुलं आणि वयस्कर माणसं घेऊन स्कूबाला, म्हणजे हवेची टाकी लावून समुद्रात खाली जायला, जायचं असेल तर सगळ्यात आधी तीच बघा.

आम्ही सोलापूरचे सहा जण. मी, नवरा, साडेआठ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, आणि सासू-सासरे, वय ६७ आणि ७२. नवऱ्याने ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा सुरुवातीचा, कोर्स केलेला आहे. मी एकदाच, हात धरून नेतात तसं, खाली जाऊन आलेली. आई आणि अण्णा, म्हणजे सासू-सासरे, दोघांनाही पोहता येत नाही. नोव्हेंबरमध्ये मालवण, डिसेंबरमध्ये मुरुडेश्वर आणि फेब्रुवारीत परत मालवण, अशा तीन सहली झाल्या.

नोव्हेंबरची सहल आठवली की अजून राग येतो. माणशी १,२०० रुपयांचं पॅकेज, सहा जणांचे ७,२०० आगाऊ भरलेले. चौघं जण नुसते होडीत बसणार आहेत हे मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. "या हो ताई, जागेवर बघू," असं उत्तर मिळालं. जागेवर गेल्यावर कळलं की होडी जेटीला नाही, किनाऱ्यावरून चढायचं. होडी गुडघ्याच्या वर पाण्यात उभी. शिडीला तीन पायऱ्या, आणि सगळ्यात खालची पायरी पाण्याच्या वर वीतभर. हूक सैल असल्यामुळे प्रत्येक लाटेला शिडी पुढे-मागे होत होती.

आईंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांचा पाय तेवढा वर जाणं शक्यच नव्हतं. मग वरून दोन पोरांनी दंड धरले, खालून एकाने आधार दिला आणि त्यांना पोत्यासारखं वर ओढून घेतलं. पोरं वाईट नव्हती, "आज्जी, सांभाळून" म्हणत होती. पण आयुष्यात कधी परक्या माणसाचा हात धरून रस्ता न ओलांडलेली बाई ती. ओली साडी सावरत कोपऱ्यात बसल्या आणि परत येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. खांदा दुखावल्याचं त्यांनी आम्हाला कोल्हापूर आल्यावर सांगितलं.

होडीत बारा जण होते. एकेकाला दहा-बारा मिनिटं खाली नेतात, त्यामुळे सगळ्यांचे नंबर लागेपर्यंत अडीच तास गेले. वर ताडपत्रीसुद्धा नव्हती. शौचालय नसणार हे मला माहीत होतं, आईंना माहीत नव्हतं, आणि मी ते आधी सांगितलं नव्हतं. ही चूक माझी. आणखी एक चूक आमची दोघांची: आम्ही एकापाठोपाठ खाली गेलो आणि दोन्ही मुलं आजी-आजोबांवर सोडली. हलणाऱ्या होडीत, पोहता न येणाऱ्या दोन माणसांवर. सहल आपली आणि पाळणाघर त्यांचं, असं करायचं असेल तर त्यांना सोलापुरातच राहू द्यावं, घरी निदान पंखा तरी आहे.

धाकटीवरून तिथेच भांडण झालं. "काही होत नाही ताई, पाच वर्षांची पण नेतो आम्ही." मी नाही म्हटलं. पाडीसारख्या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थांच्या नियमात समुद्रातल्या पहिल्या डाइव्हसाठी किमान वय १० आहे. आठ वर्षांच्या मुलांसाठी बबलमेकर म्हणून प्रकार आहे, पण तो पोहण्याच्या तलावात किंवा तशाच शांत पाण्यात, आणि जास्तीत जास्त २ मीटर. हे आकडे उगीच ठरवलेले नाहीत. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि श्वास कोंडून वर आलं तर अगदी दीड-दोन मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. घाबरल्यावर पाच वर्षांचं मूल पहिली गोष्ट कोणती करतं? श्वास रोखतं. थोरलाही दहाच्या आतला म्हणून त्यालाही नाही सांगितलं. तो रडला. मला वाईट वाटलं, तरी मी बदलले नाही.

परतीच्या दिवशी मी नवऱ्याशीही भांडले होते, तेही इथे लिहिते. मला दुपारीच निघून हॉटेलची एक रात्र, म्हणजे २,५०० रुपये, वाचवायची होती. तो म्हणाला, डाइव्हनंतर बारा तास थांबायचं. मी म्हटलं, आपल्याला कुठे विमानात बसायचंय? पण आम्हाला आंबोलीचा घाट चढायचा होता, आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि डाइव्हनंतरच्या विमानप्रवासाचे नियम साधारण ६०० मीटर उंचीपासूनच धरतात. एक डाइव्ह असेल तर १२ तास, जास्त असतील तर १८. आमची पंधरा-वीस फुटांची छोटी डाइव्ह, तिचा धोका अगदी कमी होता हे खरं. तरी किनाऱ्यावरून घरी येताना प्रत्येक सोलापूरकराला कुठला ना कुठला घाट चढावाच लागतो, आणि हे पॅकेजवाले कुणीही सांगत नाहीत. त्याचं ऐकलं ते बरं केलं.

पैशांचं असं झालं. चौघं पाण्यात गेलेच नाहीत. होडीचं भाडं म्हणून माणशी ३०० ठेवून उरलेले ३,६०० परत द्या असं मी म्हटलं. पाच आठवडे फोन केले. शेवटी १,८०० आले. बाकीचे "पुढच्या वेळी ॲडजस्ट करू". पुढची वेळ त्यांच्याकडे येणार नाही.

मुरुडेश्वरला आम्ही डिसेंबरच्या शेवटी गेलो, विजयपूर-हुबळी-अंकोला रस्त्याने, पाचशेच्या आसपास किलोमीटर. तिथून नेत्राणी बेट समुद्रात सुमारे १९ किलोमीटर आत आहे. या वेळी मी ठरवूनच टाकलं होतं की आजी-आजोबांना होडीत न्यायचंच नाही. नवरा एकटा नेत्राणीला गेला. आम्ही पाच जण देवळात. वीस मजली राजगोपुराला लिफ्ट आहे, ती अठराव्या मजल्यापर्यंत जाते, आणि वरून शंकराची मूर्ती आणि तिन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. अण्णांना कन्नड येतं, त्यांनी लिफ्टच्या रांगेत दोन माणसांशी ओळखी केल्या. मुलांनी वाळूत किल्ला केला. कुणाचा खांदा दुखला नाही, कुणी रडलं नाही.

परत आल्यावर मी लिहून ठेवलं होतं: "डाइव्ह करणारे समुद्रात, बाकीचे जमिनीवर. जिथे बाकीच्यांना जमिनीवर अख्खा दिवस घालवण्यासारखं काही आहे तेच ठिकाण निवडायचं. पाच तारे." ते मत अर्धंच बरोबर निघालं. संक्रांतीला तीळगूळ करताना आई सहज म्हणाल्या, "मुरुडेश्वर छान होतं. पण तो समुद्रात काय बघून येतो ते मला काही कळलं नाही." मी म्हटलं, मालवणला तुम्हाला किती त्रास झाला. त्या म्हणाल्या, "त्रास चढायचा झाला गं. बसायचा नाही."

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी त्यांना समुद्रापासूनच लांब ठेवलं. अडचण फक्त त्या तीन पायऱ्यांची होती.

मग फेब्रुवारीच्या सहलीसाठी मी बुकिंगच्या आधी सात जणांना फोन केले आणि प्रत्येकाकडे शिडीचा फोटो मागितला. दोघांनी फोन ठेवला. एकाने माशांचे फोटो पाठवले. एकाने, वयस्कर माणूस असावा आवाजावरून, विचारलं, "कोणाला चढवायचं आहे?" मी सांगितलं. तो म्हणाला, मग जेटीवरून चढा, आणि भरतीला या. ओहोटीला होडी जेटीच्या खूप खाली जाते. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात येऊ नका, तेव्हा पाण्याला ओढ जास्त आणि गढूळही. अष्टमीनंतर या, भांगाची म्हणजे कमी जोराची भरती असते.

वेळ कशी कळायची, तर तिथीची पाऊणपट. कोकणातला हा जुना हिशेब अण्णांना इतका आवडला की पुढचे आठ दिवस घरात तेच चाललं होतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. द्वादशीला नऊ. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, ते घेऊन बसले. दशमी नको, साडेसातला आईंना जेटीवर उभं करणं जमायचं नाही. एकादशीला सव्वाआठ, पण त्या दिवशी आईंचा उपास, आणि रिकाम्या पोटी होडीत मळमळ जास्त होते. शेवटी माघ वद्य द्वादशी ठरली, महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी. हिशेब ढोबळ आहे. जायच्या दिवसाची नेमकी वेळ होडीवाल्यालाच विचारा.

मधल्या तीन महिन्यांत मुलांचीही तयारी केली. चांगल्या सिलिकॉनचे दोन मास्क घेतले, त्यात कंजूषपणा केला नाही. दुकानातच बघायचं: पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलकेच हवा ओढायची, हात सोडल्यावर मास्क पडला नाही तर तो त्या चेहऱ्याचा. धाकटीला पाचवा बसला. नवीन काचेवर थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढावा लागतो, नाहीतर काच सारखी धुकटते. सराव महापालिकेच्या तलावावर रविवारी सकाळी. घरी सराव शक्य नव्हता. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात मुलांना टब भरून देणं मला पटत नाही.

कानाचं शिक्षण घाटात झालं. फोंडा घाट उतरताना कान बंद झाले की नाक दाबून हळूच हवा सोडायची, जोर लावायचा नाही, हे थोरल्याला तिथेच शिकवलं. नवऱ्याने त्याला सांगितलं की अख्खा घाट उतरताना कानावर जेवढा दाब वाढतो तेवढा पाण्यात एक मीटर खाली जायच्या आतच वाढतो. त्यानंतर त्याने स्वतःहून, यंदा खाली जायचं नाही, असं मान्य केलं. माझ्या समजावण्याने जे झालं नव्हतं ते त्या एका आकड्याने झालं. सर्दी असेल तर मात्र सरळ रद्द करा, पैसे गेले तरी.

फेब्रुवारीची होडी मोठी नव्हती. पण वर कापडाची सावली होती, आम्ही सहा आणि आणखी तिघंच होतो, आणि आजी-आजोबांचे फक्त होडीचे पैसे घेतले. माणशी ३००, मी नोव्हेंबरमध्ये मागत होते तोच दर. भरती असल्यामुळे होडीची कड जेटीच्या पायरीला जवळजवळ लागून होती. आई एका हाताने खांब धरून स्वतःच्या पायाने आत गेल्या. मला तिथेच सगळे पैसे वसूल झाले.

किल्ल्याजवळ नांगर टाकल्यावर नवरा गाइडबरोबर खाली गेला. मी वर थांबले. तो वर आल्याशिवाय मी पाण्यात पाय घातला नाही, तो आल्यावर माझा नंबर. मुलं लाइफ जॅकेट घालून दोरीच्या कड्याला धरून मास्कमधून बघत होती, शेजारी एक गाइड. काळ्या पट्ट्यांच्या पिवळसर माशांचा थवाच आला. शेजारच्या होडीतून बिस्किटं टाकत होते म्हणून आला. हे मला आवडलं नाही. १९८७ पासून हा सागरी अभयारण्याचा भाग आहे, इथे माशांना बिस्किटं कशाला?

तेवढ्यात आई म्हणाल्या, "ती शिडी पाण्यात किती जाते?"

होडीवाल्यानेच लावून दाखवली. आईंनी त्या दिवशी नणंदेचा पंजाबी ड्रेस घातला होता, आणि तो का घातला हे मला तेव्हा कळलं. लाइफ जॅकेट चढवलं, कमरेला दोरी, खाली पाण्यात गाइड, वर नवरा शिडी धरून. त्या पाठमोऱ्या एकेक पायरी उतरल्या, कमरेपर्यंत पाण्यात गेल्या आणि पाण्यातल्या पायरीवर चक्क बसल्या. थोरल्याने स्वतःचा मास्क काढून त्यांना लावला आणि पट्टा सैल करून दिला. स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरायची श्वासाची नळी, नको म्हणाल्या. श्वास घ्यायच्या आणि दोन्ही हातांनी शिडी धरून चेहरा पाण्यात घालायच्या. वर आल्या की काही बोलायच्या नाहीत, पुन्हा श्वास, पुन्हा चेहरा पाण्यात. धाकटी कड्याला धरून त्यांच्या शेजारी तरंगत होती. दोघी एकदम डोकं वर काढायच्या.

अण्णा वरून ओरडले, "अगं, पुरे की आता!"

"थांबा हो जरा. निळा आलाय एक."

वीस मिनिटं त्या तिथे होत्या. मी माझी डाइव्ह सोडून दिली, पैसे परत मागितले नाहीत. आई वर आल्यावर मी वाकून शिडी नीट बघितली. पाच पायऱ्या, रुंद, रबर लावलेल्या. त्यातल्या तीन पाण्याखाली.