‘गोल्ड’ जर्नलला दिलेला माझा पेपर

क्लोरोऑरिक आम्लाच्या पिवळ्या द्रावणात केळीच्या सालीचा अर्क घातला की थोड्या वेळात ते लाल होतं. सोन्याचे नॅनोकण तयार झाल्याची ती खूण. रावेरकडच्या केळीवर तीन वर्षं राबून मी हे काम केलं आणि त्याचा पेपर भामट्यांच्या हाती दिला. पीएच.डी. करणाऱ्या पोरापोरींनो, हे वाचाच.

प्रबंध सादर करायची घाई होती. तेवढ्यात मेल आला: ‘गोल्ड ओपन अ‍ॅक्सेस’, सात दिवसांत प्रसिद्धी. गोल्ड म्हणजे अव्वल दर्जा, असं मी धरून चालले. या शब्दाचा दर्जाशी संबंधच नाही. लेख प्रसिद्ध होताच जर्नलमध्येच कुणालाही फुकट वाचता येतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी अनेक चांगली जर्नलंही लेखकाकडून शुल्क घेतात. लेखक-वाचक दोघांकडूनही न घेणाऱ्यांना डायमंड म्हणतात.

मागितले अठरा हजार. आईने जळगावच्या सराफ बाजारात अंगठी मोडली. सराफाने भिंगातून ९१६ चा शिक्का पाहिला, तरी कसोटीवर घासली, मगच काट्यावर ठेवली. आईची नजर काट्यावरून हलली नाही. तिथून बाहेर पडून चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या मी पैसे पाठवले.

परीक्षकांचा अभिप्राय दोन ओळींचा: काम उत्तम, व्याकरण तपासा. सोन्याचे हे कण सर्वाधिक प्रकाश शोषतात ते शिखर माझ्या आलेखात ५२० नॅनोमीटरच्या जागी चुकून ४२० वर पडलं होतं. ते शिखर चांदीच्या कणांचं! जाणत्या परीक्षकाने पहिल्या नजरेत पकडलं असतं. इथे तसंच छापून आलं.

गाईड सरांनी जर्नलचा आयएसएसएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आयएसएसएन पोर्टलवर टाकला, तर तो दुसऱ्याच जुन्या जर्नलचा निघाला. नाव, क्रमांक, संपादक मंडळ, सगळं चोरलेलं. वेबसाइट तेवढी यांची. आयएसएसएन ही फक्त ओळख आहे, दर्जाचा शिक्का नाही, हेही तेव्हा कळलं. यूजीसीने २०२५ मध्ये मान्य जर्नलांची आपली ‘केअर’ यादी बंद केली, म्हणून आता ही पारख आधीच करा: पोर्टलवरची माहिती जुळते का पाहा, डीओएजेमध्ये (ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांची ऑनलाइन सूची) शोधा आणि खऱ्या संपादकांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर विचारा.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पेपर काढून टाकायला ते आणखी दोनशे डॉलर मागतात. मी दिलेले नाहीत. दुसरीकडे पाठवावा, तर तो आधीच छापलेला दिसतो.