मिरजोळे एमआयडीसीत ऑइल कूल्ड रेक्टिफायर : एक पावसाळा वापरल्यावर

रत्नागिरीत आमचं निकेल-झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. प्लेटिंगला लागणारा डीसी करंट एसी विजेपासून रेक्टिफायर बनवतो. जुना एअर कूल्ड (हवेने थंड होणारा) रेक्टिफायर काढून उन्हाळ्यात 12 व्होल्ट, 1000 अँपिअरचा ऑइल कूल्ड (तेलाने थंड होणारा) थायरिस्टर रेक्टिफायर बसवला. थायरिस्टर म्हणजे गेटला पल्स मिळाला की करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. मुद्दाम पावसाळा जाऊ दिला, मगच लिहितोय. कोकणात यंत्राची परीक्षा त्याच दिवसांत होते.

निवड योग्य ठरली, हे आधीच सांगतो. एअर कूल्डमध्ये पंखा जी हवा आत ओढतो तिच्यात समुद्राचं मीठ आणि टाक्यांची वाफ असते. हीटसिंकवर थर बसतो, तांब्यावर हिरवट चढतं, मग गरम होऊन ट्रिपिंग. इथे ट्रान्सफॉर्मर आणि थायरिस्टर तेलात बुडालेले आहेत, त्यामुळे तो त्रास संपला.

पण थायरिस्टरना गेट पल्स देणारं फायरिंग कार्ड तेलाबाहेरच्या पॅनलमध्ये असतं आणि आमच्या कार्डावर संरक्षक लेप नव्हता. ही मला कंपनीची मोठी चूक वाटते. ऐन पावसात निकेल काळपट येऊ लागलं. मीटरवर अँपिअर बरोबर, म्हणून सगळा संशय बाथवर, म्हणजे टाकीतल्या द्रावणावर. शेवटी इनपुटच्या तिन्ही फेजना क्लॅम्प मीटर लावला, तर करंट असमान. आउटपुटला एसीवर मल्टिमीटर लावून फ्रिक्वेन्सी पाहिली. सहा थायरिस्टरच्या, सहा पल्सच्या ब्रिजला रिपल (डीसीत उरलेला चढउतार) 300 हर्ट्झचा हवा, इथे 50 दिसत होता. म्हणजे एका थायरिस्टरला गेट पल्सच पोचत नव्हता. करंट कंट्रोलवर चालत असल्याने बाकीचे पाच जास्त उघडून आकडा भरून काढत होते. कनेक्टरची पिन गंजली होती. ती बदलली, कार्डावर लेप मारून घेतला, निकेलची चमक परत आली. घेतानाच लेपाची अट ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

फक्त निकेल करणाऱ्यांनी 12 व्होल्टचा घेऊ नये. निकेलला पाच-सहा व्होल्ट पुरतात, आणि थायरिस्टर अर्धवट उघडे राहिले की रिपल वाढतो. 8 व्होल्टचा बरा.

बसबारच्या (करंट नेणाऱ्या जाड पट्ट्यांच्या) जॉइंटवर लोड असताना मिलिव्होल्ट मोजा. 1000 अँपिअरला 50 मिलिव्होल्ट पडले तर तिथे 50 वॉटची उष्णता होते. सांधा उघडून, घासून, टॉर्क रेंचने आवळायचा. ब्रीदरमधली (तेलाच्या टाकीत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली) निळी सिलिका जेल आमच्याकडे पावसात लवकर गुलाबी होते. ती वाळवून परत वापरता येते, पण घरच्या तव्यावर अजिबात नको, निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं. तेलाचा बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे तेल किती व्होल्टेज सहन करतं) पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्या.

गणपतीत सगळे गावी जातात, युनिट बंद राहतं आणि ओल मुरते. परत आल्यावर थेट स्विच टाकू नका. सप्लाय तोडून कुलूप लावा, कार्ड काढा, थायरिस्टर शॉर्ट करा, मग 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन पाहा. रीडिंग कमी आलं तर पॅनलमध्ये हीटर किंवा बल्ब लावून वाळवा, आणि पुन्हा मेगर लावून, थायरिस्टरचे शॉर्ट काढून, कार्ड परत बसवूनच चालू करा.