परदेशातून घरसामान आणताना: जहाज की विमान?

अमेरिकेतला संसार आवरून पुण्या-नाशिकला परतणाऱ्या कुटुंबात घरसामान कसे पाठवायचे, ही चर्चा बहुधा दर आणि दिवस यांवरच थांबते. माझ्या मते खरा फरक जोखमीचा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय कोणाच्याही कोटेशनवर सही करू नये.

आधी भाड्याचे पाहू. विमानात प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल, त्याचे पैसे लागतात. 60 × 45 × 45 सेंटिमीटरच्या खोक्याचे घनफळ 1,21,500 घनसेंटिमीटर भरते. त्याला नेहमीच्या रीतीने 6000 ने भागले की सव्वावीस किलो होतात. आत नऊ किलोच्या गोधड्या आणि उशा असल्या, तरी आकारणी सव्वावीस किलोंचीच होते. जहाजावर इतरांसोबत कंटेनर वाटून घेतला, तर घरसामानाचे भाडे मुख्यतः घनमीटरवर ठरते; त्यामुळे पुस्तके, स्टीलची भांडी, शिलाई मशीन अशा जड पण आटोपशीर वस्तूंना समुद्रमार्गच परवडतो. वेळ मात्र भरपूर लागतो, आणि 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागल्यावर तो आणखी वाढला.

समुद्रमार्गाची खरी मेख ‘जनरल ॲव्हरेज’ या जुन्या नियमात आहे. जहाज आणि माल वाचवण्यासाठी जाणीवपूर्वक केलेला खर्च किंवा सोसलेले नुकसान जहाजमालकासह सर्व मालधन्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात भरून द्यायचे असते. तुमचे खोके सुखरूप असले तरीही. 23 मार्च 2021 रोजी सुएझ कालव्यात अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सहा दिवसांत सुटले, पण नुकसानभरपाईच्या वादामुळे इजिप्तने ते 7 जुलैपर्यंत रोखून धरले आणि जहाजमालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केले. अशा वेळी विमा असलेल्यांची हमी विमा कंपनी देते; विमा नसलेल्यांना माल ताब्यात मिळण्याआधी रोख अनामत भरावी लागते. 25 मे 2025 रोजी केरळजवळ ‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज 640 कंटेनरांसह बुडाले, हे तर आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण.

विमानात असा वाटा उचलावा लागत नाही, पण विमान कंपनीच्या भरपाईला मर्यादा आहे: विमानवाहतुकीविषयीच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार 28 डिसेंबर 2024 पासून ती मालाच्या किलोमागे 26 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक), म्हणजे साधारण 35 डॉलर आहे. लॅपटॉप किंवा कॅमेऱ्याची किंमत त्यातून निघत नाही. शिवाय सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवण्यास 2016 पासून बंदी आहे.

गाडीचा विचार सोडून द्यावा. भारतात जुनी गाडी आणायची तर ती उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली लागते, त्यामुळे अमेरिकेतली नेहमीची गाडी तिथेच विकलेली बरी.

माझा कौल स्पष्ट आहे. कागदपत्रे, दागिने आणि औषधे स्वतःजवळ ठेवावीत. पहिल्या महिन्यात लागणारे थोडे कपडे आणि मुलांच्या वस्तू विमानाने, बाकी सारे जहाजाने आणि विमा उतरवूनच पाठवावे. विम्यात जनरल ॲव्हरेज समाविष्ट आहे ना, हे लेखी विचारावे, आणि काचसामान मूव्हरकडूनच पॅक करून घ्यावे, कारण घरी भरलेल्या खोक्यातील फुटतुटीची भरपाई पुष्कळ पॉलिसी देत नाहीत.