१२ इंची कानस, आठ महिने आणि एक बिनदाताची कड

मी घरी सुऱ्या बनवतो. परवा सहाव्या सुरीच्या मानेवर (पातं आणि मूठ यांच्यामधला सपाट भाग) पुन्हा तोच ओरखडा पडला, म्हणून हे लिहायला बसलोय.

बेल्ट ग्राइंडर (फिरत्या खरखरीत पट्ट्यावर घासायचं यंत्र) माझ्याकडे नाही आणि घेणारही नाही. बाल्कनीत एक व्हाइस, खालच्या मजल्यावर दुपारी झोपणाऱ्या आजी, त्यामुळे सगळं काम कानशीवर. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा लोहाराकडून ४ मिमीपर्यंत ठोकून घेतो आणि राखेत रात्रभर गार करून आणतो.

पावसाळ्यात मुंबईच्या नागदेवी बाजारातून १२ इंची 'बास्टर्ड', म्हणजे जाड दातांची कानस घेतली, ४१० रुपयांना. दोन संध्याकाळी मस्त चालली. तिसऱ्या दिवशी नुसती घसरायला लागली. तडक दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, आपल्या दातांची गॅरंटी नसते, कानशीच्या दातांची कुठून देऊ?" मी चिडून दोन शब्द जास्तच बोललो. हा लेख तेव्हा लिहिला असता तर एक तारा दिला असता.

शेजारचे काका टूलरूममधून रिटायर झालेत. त्यांनी कानशीकडे पाहिलंसुद्धा नाही, पट्टी उचलली. "पापुद्रा काढला होतास का रे?" भट्टीतून आलेल्या लोखंडावर काळा थर असतो, तो आतल्या लोखंडापेक्षा कितीतरी कडक. मी नवी कोरी कानस त्याच्यावर घासत बसलो होतो, वर परतीच्या हातालाही दाबत होतो. आता पट्टी रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवतो आणि सकाळी तारेच्या ब्रशने घासतो. तशीच दुसरी कानस पाच महिने झाले, अजून कापतेय. माफी मागायला गेलो नाही, पण दुसरी घेतली त्याच दुकानातून.

नुसतं 'बास्टर्ड' बघून ऑनलाइन मागवू नका. १२ इंचीचे दात ८ इंचीपेक्षा मोठे असतात, नाव तेच असलं तरी. माझा क्रम असा: १२ इंची बास्टर्ड, १० इंची सेकंड कट (मध्यम दात), शेवटी ८ इंची स्मूथ (बारीक दात) आडवी धरून ओढायची. दातांत खडू घासला की कीस कमी अडकतो (मुलीच्या दप्तरातून दोन खडू गेलेत, तिला माहीत नाही). मूठ बसवल्याशिवाय कानस हातात घेऊ नका, मागची टोकदार शेपटी तळव्यात घुसते.

आता मूळ दुखणं. 'हँड' कानस सरळ असते आणि तिच्या एका कडेला दात नसतात. 'फ्लॅट' टोकाकडे निमुळती होते, तिच्या दोन्ही कडांना दात. हँड मागितली तरी दहातले नऊ दुकानदार फ्लॅट हातात देतात, "एकच आहे हो" म्हणत. एकच कशी? सुरीचा उतार जिथे संपतो, तिथे मानेला टेकणारी कड गुळगुळीत हवी. दात असले की प्रत्येक हाताला मान खरवडते. तो ओरखडा काढायला एमरी पेपर घेऊन दीड तास बसावं लागतं.

मग एका फ्लॅटची कड काकांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर घासून घेतली. कड निळी झाली. निळी म्हणजे ३०० अंशांच्या आसपास तापली. कोपऱ्यातले दात मऊ पडले आणि आठवड्यात बसले. दुसऱ्या कानशीला दर टेकवणीनंतर पाण्यात बुडवलं, तेव्हा जमलं. तरीही परवा ओरखडा! बोट फिरवलं तर ग्राइंडरने कडेला सोडलेली बारीक बर (धातूची उभी राहिलेली कोर) लागली. तेलाच्या दगडावर दहा मिनिटं घासली आणि ती गेली. एवढ्यासाठी मी आठ महिने कंपन्यांना शिव्या घालत होतो. तरी कड आधीच गुळगुळीत मिळाली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

पहिली बोथट कानस फेकली नाही. सुरीला पाणी दिलं, म्हणजे तापवून बुडवून कडक केली, की तिने धारेचा कोपरा तपासतो. काचेवरून गेल्यासारखी सरकली तर पाणी बसलं, धरली तर पुन्हा भट्टी.

ओरखडावाली सहावी सुरी बायकोने भोपळा कापायला ठेवून घेतलीय.