वही शिवायची खरी, पण कागद कुठला?

रद्दीतून रोजनिशी करायची हौस असेल तर तीन वाटा आहेत: घरी लगदा करून कागद पाडायचा, पाठकोरे कागद शिवायचे, नाहीतर तयार हातकागद आणायचा. मी तिन्ही करून पाहिल्या. पहिलीत एक आठवडा गेला आणि मोरी तुंबली.

लगद्याला रद्दी फारशी लागत नाही. ए-५ आकाराची जाडसर ४० पानं म्हणजे कोरडा कागद जेमतेम २०० ग्रॅम. मेहनत आहे ती पुढे. तुकडे रात्रभर भिजवायचे, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढायचे (भांडं जुनं घ्या, त्यात परत चटणी वाटू नका), टबात पातळ करायचे आणि जाळीच्या चौकटीने एकेक ताव उचलून सुती कापडावर पालथा घालायचा. मग दाबणं, वाळवणं. जाळी उचलताना हलकेच हलवली नाही, तर ताव एका कोपऱ्यात पापड आणि दुसऱ्यात पुरणपोळी होतो. माझे पहिले दहा-बारा ताव परत बादलीतच गेले. वर्तमानपत्र नकोच, शाईने लगदा राखी होतो आणि कागद लवकर पिवळा पडतो. झेरॉक्सचे किंवा जुन्या वह्यांचे कागद बरे. तरी वापरलेल्या कागदाचे तंतू दर खेपेला आखूड होत जातात, म्हणून हा ताव घडीवर तुटतो. खळ दिली नाही तर शाईपेनाचा ठिपका टिकलीएवढा पसरतो. मी तांदळाची खळ दिली, तेव्हा बॉलपेन नीट चाललं. शाईपेनाच्या अक्षरांच्या कडा मात्र फुटल्याच. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका, बुरशी धरते. आणि उरलेलं पाणी गाळल्याशिवाय मोरीत ओतू नका. प्लंबरने आमच्या पाइपातून ओढून काढलेला बोळा मांजराएवढा होता.

पाठकोऱ्या कागदांची वही एका दुपारी होते. ए-४ कागद छापील बाजू आत ठेवून मधोमध दुमडायचा. अशा ४० घड्या एकावर एक ठेवायच्या. दुमड बाहेरच्या बाजूला, मोकळ्या कडा शिवणीकडे. कडेपासून सेंटिमीटरभर आत दाभणाने पाच भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं. छपाई घडीत लपते आणि ४० दुहेरी पानं, म्हणजे लिहायला ८० कोऱ्या बाजू हाती येतात. पान दुहेरी असल्यामुळे शाई पलीकडे उमटत नाही. उणीव एकच: ही वही सपाट उघडत नाही, डाव्या हाताने धरूनच लिहावं लागतं. शिवणीच्या बाजूला दोन बोटं समास सोडा. आणि दुमडण्याआधी कागद चाळा, कुणाच्या आधारकार्डाची झेरॉक्स रोजनिशीत शिवली जायची.

हातकागद ही खर्चाची वाट, पण देखणी. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. असा चांगला कागद बहुधा सुती कापडाच्या कातरणीचा असतो. म्हणजे रद्दीचा नव्हे, चिंध्यांचा पुनर्वापर. तंतू लांब, म्हणून घडी टिकते. २२ बाय ३० इंचाचा ताव चार वेळा अर्धा केला की साडेपाच बाय साडेसात इंचाची १६ पानं. तीन तावांत ४८ पानांची वही होते, तीही दुमडीतून शिवलेली, सपाट उघडणारी. कात्री लावू नका. पट्टी धरून फाडा, कडा रेशमासारख्या निघतात. घेताना दुकानातच कोपऱ्यावर शाईपेन टेकवून बघू द्या म्हणावं. खळ कमी असलेला ताव चित्राला चालतो, लिहायला नाही.

रोज लिहिणार असाल तर पाठकोरीच करा. महागड्या पानावर दुधाचा हिशेब लिहायला हात धजत नाही, माझी हातकागदाची वही अजून निम्मी कोरी आहे. कुणाला भेट द्यायची असेल तर मात्र हातकागद. लगद्याचा नाद सुटत नसेल तर चारच ताव पाडा, सुट्टीत मुलांना हाताशी घेऊन, त्यात झेंडूच्या पाकळ्या टाकून. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवले की पाठकोऱ्या वहीला वेष्टन होतं. तिथे कागद खडबडीत निघाला तरी कुणी नाव ठेवत नाही.