कॅल्शियमच्या प्रयोगांसाठी हाताने चालवायचा लिपोसोम एक्स्ट्रूडर: वर्षभराच्या वापरानंतर

पेशीपटलातील लिपिडांवर धातूंच्या आयनांचा काय परिणाम होतो हे पाहायचे, तर आधी एकसारख्या आकाराच्या पुटिका (लिपोसोम, म्हणजे लिपिडांच्या पटलाचे सूक्ष्म पोकळ गोल) हाताशी हव्यात, आणि त्यासाठीच मी हा छोटा एक्स्ट्रूडर, म्हणजे लिपिडांचे मिश्रण बारीक छिद्रांतून ढकलणारे उपकरण, वर्षभर वापरत आहे. काचेच्या दोन सिरिंज आणि त्यांच्यामध्ये टेफ्लॉनच्या आधारावर बसणारा १०० नॅनोमीटर छिद्रांचा पॉलिकार्बोनेट फिल्टर, एवढीच त्याची रचना आहे.

फॉस्फॅटिडिलसेरीन या ऋणभारित लिपिडाचे दुधट मिश्रण फिल्टरमधून २१ वेळा ढकलले, की किंचित निळसर झाक असलेला, जवळजवळ पारदर्शक द्रव मिळतो. (फेऱ्यांची संख्या विषम ठेवावी, म्हणजे न गाळलेला अंश पहिल्याच सिरिंजमध्ये राहतो.) त्यात ५ मिलिमोलरपर्यंत कॅल्शियम क्लोराइड सोडताना पिपेटच्या टोकाशीच पांढरे कण दिसू लागतात आणि पाहता पाहता त्यांचे पुंजके होतात. ऋणभारित लिपिडांना बांधून घेताना कॅल्शियम तिथले पाणी हुसकावून लावतो, त्यामुळे शेजारच्या पुटिकांचे द्विस्तर (लिपिडांची दुपदरी पटले) एकमेकांना चिकटतात आणि मेदाम्लांच्या सैल शृंखला घट्ट रचल्या जातात. तेवढ्याच मॅग्नेशियमने मात्र माझ्याकडे जेमतेम धूसरपणा आला, कारण आकाराने लहान असलेला हा आयन आपले पाण्याचे वेष्टन सहजासहजी सोडत नाही. पुढे ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारे संयुग) घालून कॅल्शियम काढून घेतले, तरी मूळच्या पुटिका परत येत नाहीत, त्यांच्या जागी बऱ्याच मोठ्या पुटिका तयार होतात. सुरुवातीचा आकार एकसारखा असल्यामुळेच हा बदल इतका स्वच्छ दिसतो, आणि इथेच उपकरणाची किंमत वसूल होते.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाबद्दल. आयनांविषयी त्यात एक ओळही नाही. त्यात सुचवलेले फॉस्फेट बफर (सामू, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणारे द्रावण) वापरून मी कॅल्शियम फॉस्फेटचा साका लिपिडांचा परिणाम समजत बसलो आणि आठवडा वाया गेला. त्याऐवजी फॉस्फेट नसलेले हेपीस बफर घ्यावे, ते पुरेसे तीव्र ठेवावे, कारण ईडीटीए कॅल्शियमला धरताना प्रोटॉन सोडते आणि सामू उतरतो. आयन मात्र गाळणी पूर्ण झाल्यावरच घालावेत, नाहीतर फिल्टर तुंबतो.

गाळताना उपकरण गरम ठेवणारा सोबतचा तापक ठोकळाही बेताचाच आहे. डीपीपीसीसारखे, थंड असताना घट्ट रचनेत राहणारे लिपिड ४१ अंश सेल्सिअसच्या वरच नीट गाळले जाते, पण ठोकळा मध्येच थंड होतो, दट्ट्या जड जातो आणि जोर लावला की फिल्टर फाटतो. अशा लिपिडांसाठी ठोकळ्यात वेगळा तापमापक बसवूनच काम करावे.